फौजदाराआधी डॉक्टर

आषाढी एकादशीची संध्याकाळ. साडेसात-आठचा सुमार असेल. उपवासामुळे दवाखान्यात गर्दी नव्हती आणि मी लवकर घरी जाण्याच्या विचारात होतो. तेवढ्यात एक कॉलेजात जाणारा मुलगा धापा टाकत आत आला. "डॉक्टरसाहेब, पप्पांना पोलिसांनी धरून नेलंय. दारू पिऊन दंगा केला म्हणतात. पण पप्पा माळकरी आहेत हो, दारूला शिवतसुद्धा नाहीत."

वडील माझे दहा वर्षांचे रुग्ण. भांड्यांचे दुकान, स्वभावाने अगदी गरीब. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी रोज सकाळी. मी बॅगेत ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची बाटली टाकली आणि मुलाच्या स्कूटरवर मागे बसलो. चौकीत गृहस्थ बाकावर कलंडलेले. सदरा घामाने चिंब, जीभ जड, मला ओळखलेच नाही. उलट एक शिवी हासडली. बोटाला सुई टोचली. साखर ३४. वास्तविक ७०च्या खाली गेली की आम्ही ती कमी समजतो. गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती आणि दिवसभरात पोटात गेला होता फक्त एक कप चहा. एस.टी. स्टँडवर तोल जाऊन एका कंडक्टरला धक्का बसला, तोंडातून वेडेवाकडे शब्द गेले, लोक जमले आणि कोणीतरी फोन केला. शिरेतून पंचवीस टक्क्यांचे ग्लुकोज गेले आणि पाचेक मिनिटांत गृहस्थांनी डोळे नीट उघडून विचारले, "मी इथं कसा?"

ग्लुकोजची बाटली उंच धरून उभे होते ते चौकीतलेच हवालदार. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "साहेब, तोंडाला वास नव्हता हे खरं. पण चालणं तसंच, बोलणं तसंच. आम्ही काय समजायचं?"

प्रश्न रास्त होता. हवालदाराला शिकवले आहे ते दंगा आवरायला, माणूस ताब्यात घ्यायला. रक्तातली साखर ओळखायला त्याला कोणी शिकवलेले नाही आणि चौकीत ग्लुकोमीटरही नसतो. चूक त्याची नव्हती. त्या जागी पहिल्यांदा पोहोचला तो चुकीच्या खात्याचा माणूस, एवढेच. (गृहस्थांना त्या रात्री दवाखान्यातच ठेवून घेतले. या गोळ्यांचा अंमल लांबतो. साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा घसरते. वाचकांपैकी कोणी मधुमेही उपवास करत असतील तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्यावे.)

माणूस एकाएकी बिथरला, बडबडू लागला, अंगावर धावून आला, की आपल्याकडे तीनच निदाने होतात: दारू प्यायला, वेड लागले, किंवा अंगात आले. पहिल्या दोन्हींसाठी पोलीस, तिसऱ्यासाठी देवऋषी. डॉक्टरचा नंबर त्यानंतर लागतो. प्रत्यक्षात यामागे केवढी तरी कारणे असू शकतात. साखरेचे वर सांगितलेच. फिट येऊन गेल्यावर पाऊण-एक तास माणूस भानावर नसतो, कोणी धरायला गेले की झटापट करतो. मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया, मेंदूज्वर, डोक्याला आतून मार, धोतऱ्याचे बी पोटात जाणे, या सगळ्यांत रुग्ण भ्रमिष्टासारखा वागतो. म्हातारपणी साधा लघवीचा जंतुसंसर्ग झाला किंवा रक्तातले सोडियम उतरले तरी आजोबा रात्री उठून "चोर आलेत" म्हणून काठी उगारतात. जुनी माणसे याला "वात झाला" म्हणत. दिवसा बरे, रात्री बेभान, आणि दोन दिवसांपूर्वी काहीच नव्हते, असे असेल तर ते वेड नव्हे. शरीराचा आजार शोधा.

यात आम्ही डॉक्टरही कमी नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका आजोबांना मी रात्री झोपेचे इंजेक्शन देऊन आलो. सकाळी पाहतो तो पोट टच्च फुगलेले. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली होती आणि त्या कळांनीच ते बिचारे थैमान घालत होते. नळी घालून लिटरभर लघवी काढल्यावर शांत झोपले. तेव्हापासून आधी तपासणी आणि मग सुई, हा नियम मी कधी मोडलेला नाही.

दारूचेही उलटे गणित असते. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, फिट येते. यात माणूस दगावू शकतो. आता अशा माणसाला दंगा केला म्हणून कोठडीत घातले, तर काय होईल? तिथे दारू मिळत नाही. तिसऱ्या रात्री तो आरडाओरडा करू लागतो आणि सगळ्यांना वाटते, नाटक करतोय. त्याला हवे असते सिव्हिल हॉस्पिटलमधली खाट, शांत करणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने.

आणि खरोखरच मानसिक आजार असेल तर? तिथे तर खाकी गणवेशाने काम अधिकच बिघडते. ज्याला संशयाचा आजार आहे, लोक आपल्याला मारायला टपलेत असे ज्याला पक्के वाटते, त्याच्या दारात तीन माणसे लाठी घेऊन उभी राहिली तर त्याचा संशय खराच ठरला! ज्याच्या कानात सतत आवाज चालू आहेत, त्याला "खाली बस, हात वर कर, इकडे बघ" हे तिघांनी एकदम ओरडून सांगितले तर त्यातले काहीही आत पोहोचत नाही. न ऐकणे म्हणजे विरोध, असा अर्थ लावला जातो आणि झोंबाझोंबी सुरू होते. मग दोर येतो. करकचून बांधल्याने मनगट लुळे पडलेला रुग्ण मी पाहिला आहे. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे पालथे पाडून पाठीवर गुडघा रोवणे. धडपडणाऱ्या माणसाला श्वास नेहमीपेक्षा जास्त लागतो आणि नेमकी त्याची छातीच हलत नाही. असे मृत्यू जगभर झालेले आहेत. माणूस एकदम शांत झाला म्हणजे शुद्धीवर आला, असे समजू नये.

हे काम पोलिसांकडे आले कसे, तर जुन्या कायद्यामुळे. इंग्रजांनी १९१२ साली वेड्यांसंबंधीचा कायदा केला, त्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी धरावे आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे अशी पद्धत होती. १९८७च्या कायद्याने भाषा सुधारली, वाट तीच राहिली. पोलीस, कोर्ट आणि मग येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीचे मनोरुग्णालय. आजाऱ्याने चोरासारखे कोर्टातून जायचे! त्यामुळे घरात कोणी बिथरले की पोलिसात जायचे, हे आपल्या हाडीमासी खिळले आहे.

दुसरी वाट असू शकते का? आहे, आणि ती बरीच वर्षे चालून पाहिलेली आहे.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात यूजीन नावाचे शहर आहे. वस्ती सुमारे पावणेदोन लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढे. तिथल्या व्हाइट बर्ड या धर्मादाय दवाखान्याने १९८९ साली शहराशी करार करून एक गाडी सुरू केली. नाव कहूट्स. गाडीत दोन माणसे. एक नर्स किंवा रुग्णवाहिकेवर काम केलेला प्रशिक्षित तंत्रज्ञ, आणि दुसरा मानसिक संकटातल्या माणसाशी बोलण्याचे शिक्षण घेतलेला कार्यकर्ता. हत्यार नाही, बेडी नाही, गणवेश नाही. लोक पोलिसांच्याच नंबरावर फोन करत. फोन घेणारा विचारपूस करून ठरवी की इथे शिपाई पाठवायचा की ही गाडी. कोणी आत्महत्येच्या गोष्टी बोलतोय, कोणी थंडीत रस्त्यावर बडबडत बसलाय, कोणी नशेत पडलाय, अशा ठिकाणी गाडी जाई. एक जण नाडी, साखर, जखम पाही आणि दुसरा जमिनीवर शेजारी बसून बोले. माणसाला पाणी, कोरडे मोजे, हवे तर दवाखान्यापर्यंत सोबत.

दोघांची जोडी मला फार शहाणपणाची वाटते. नुसता समुपदेशक पाठवला असता तर माझ्या भांडीवाल्याची साखर त्याने ओळखली नसती. आणि नुसता आमच्यासारखा घाईतला डॉक्टर पाठवला तर सुई टोचून तो पाचव्या मिनिटाला परत!

२०१९ साली या गाडीकडे सुमारे २४ हजार कॉल आले आणि त्यांत पोलिसांची मदत मागवावी लागली ती फारच थोड्या वेळा. अर्थात आकड्यांचा गाजावाजाही झाला. शहराच्या १७ टक्के कॉलचा भार ही गाडी उचलते असे सांगितले जाई. पोलीस खात्याने हिशेब तपासला तेव्हा खरोखर पोलिसांचे वाचलेले काम ५ ते ८ टक्के भरले, कारण बऱ्याच ठिकाणी पोलीस तसेही गेले नसते. मला यात कमीपणा दिसत नाही. जिथे कोणीच गेले नसते तिथे कोणी गेले, हाही लाभच आहे.

यूजीनचे पाहून डेन्व्हर शहराने जून २०२० मध्ये अशीच गाडी सुरू केली. पहिल्या सहा महिन्यांत ती ७४८ ठिकाणी गेली आणि एकाही ठिकाणी अटक झाली नाही. पुढे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गाडी फिरत होती त्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्याचे आणि गंभीर गुन्हे त्यापायी वाढले नसल्याचे आढळले. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला २०१५ पासून मनोरुग्णांसाठी वेगळी रुग्णवाहिका निघाली. मानसोपचाराचे शिक्षण घेतलेल्या दोन नर्स आणि एक चालक. आत स्ट्रेचरऐवजी बसून बोलायला खुर्च्या.

मात्र यूजीनची ती मूळ गाडी एप्रिल २०२५ मध्ये शहरात बंद पडली. काम वाईट म्हणून नव्हे, पैसा आटला म्हणून. चालवणारी संस्था अडचणीत आली आणि शहराशी करार संपला. पस्तीस वर्षे चाललेली गोष्ट अशी एका महिन्यात थांबते, तेव्हा असे काम देणग्यांवर आणि एका संस्थेच्या जिवावर सोडू नये असे मला वाटते. आगीचा बंब कोणी वर्गणी काढून चालवत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे निदान कायदा तरी बदलला. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेण्याचे काम आजही ठाणे अंमलदाराचेच आहे. पण त्याला लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचे आहे. कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचे नाही. हे वाक्य कायद्याच्या १००व्या कलमात स्पष्ट आहे. नातेवाइकांनी ते पाठ करून ठेवावे आणि ठाण्यात नम्रपणे सांगावे. बऱ्याचदा अंमलदारालाही ते नव्याने कळते आणि तो खुशीने गाडी देतो. त्यालाही ती जबाबदारी नकोच असते.

माझ्या व्यवसायबंधूंसाठी ९४वे कलम आहे. जीव जाण्याचा किंवा स्वतःला-दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला, रुग्ण घरी असो वा दवाखान्यात, ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करता येतो. त्याच्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. "मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, मी हात लावणार नाही" असे म्हणण्याचे कारण उरलेले नाही. आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच ११५वे कलम धरून चालते. त्याला शिक्षा करायची नाही. "केस होईल" या भीतीने विष घेतलेल्या मुलीला चार तास घरात मीठपाणी पाजत बसलेले आईबाप मी पाहिले आहेत. ते चार तासच महागात पडतात.

कायदा आला, पण दारात येणारा माणूस कोण? १४४१६ हा टेलिमानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्री-अपरात्री मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत. उदासी, झोप उडणे, मरणाचे विचार, यासाठी तो जरूर वापरावा. पण तो फोन आहे. गाडी आहे ती १०८ची. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनी ही सेवा सुरू झाली आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे तिचे वैशिष्ट्य. बाळंतीण, अपघात, हार्ट अटॅक यांसाठी आपण ती बेलाशक बोलावतो. बिथरलेल्या माणसासाठी मात्र अजूनही हात ११२कडे जातो. मला वाटते, आपल्याला नवी गाडी नकोच आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, तिथे नर्स आणि सामाजिक कार्यकर्ते आहेत. १०८च्या डॉक्टरांना त्यांच्याकडून बोलण्याचे शिक्षण द्या, गरज पडेल तेव्हा त्यांच्यातल्या एकाला गाडीत घ्या, आणि पोलिसांना कोपऱ्यावर उभे ठेवा, हाकेच्या अंतरावर. कोयता हातात असेल, कोणाला मारहाण चालू असेल, तर पोलीस आधी गेलेच पाहिजेत. तिथे नर्सला पुढे ढकलणे हा अविचार. पण दहांतल्या किती ठिकाणी खरोखर कोयता असतो?

बोलण्याचे शिक्षण म्हणजे काय, ते मी एका निवृत्त सिस्टरकडून पाहिले. मनोरुग्णालयात आयुष्य गेलेल्या बाई, आमच्याच गावात राहतात. शेजारच्या खेड्यात एका विशीतल्या मुलाने खोलीचे दार लावून घेतले होते. दोन रात्री झोप नाही, जेवण नाही. घरचे विष घालतात असे म्हणत होता. थोरला भाऊ म्हणाला, "डॉक्टर, पोलीस बोलावू. दोन फटके बसले की ताळ्यावर येईल." मी सिस्टरना जीपमधून घेऊन गेलो. त्यांनी पहिल्यांदा अंगणातली माणसे घालवली आणि टीव्ही बंद करायला लावला. दार उघडे करून घेतल्यावर आत शिरल्या नाहीत. उंबऱ्याशी तिरक्या बसल्या, त्याच्या समोर नाही आणि त्याची बाहेर पडायची वाट अडवूनही नाही. विषाबद्दल "खोटं आहे" म्हणाल्या नाहीत, "खरं आहे" असेही नाही. एवढेच म्हणाल्या, "बाळ, भीती वाटत असेल खूप. झोप कधी लागली होती रे शेवटची?" मग गप्प. मी चुळबूळ करू लागलो की माझ्याकडे डोळे वटारून बघत. पाऊण तासाने मुलगा म्हणाला, चहा पाहिजे. पण आधी तुम्ही प्यायचा. सिस्टरनी त्याच्या कपातला अर्धा चहा पिऊन दाखवला. तासाभरात तो आपल्या पायांनी जीपमध्ये बसला. आज औषधांवर आहे आणि दूध डेअरीत कामाला जातो.

अशी सिस्टर प्रत्येक घराला मिळणार नाही. तोवर घरच्यांनी निदान एवढे करावे. बोलायला एकच माणूस, ज्याचे रुग्णाशी सगळ्यांत चांगले जमते तो. बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीत जावे. विळी, कोयता आणि फवारणीचे औषध गुपचूप हलवावे. पुढ्यात उभे राहून हटकू नये, दार अडवू नये, व्हिडिओ तर मुळीच काढू नये. मधुमेही असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावे. धरावेच लागले तर पालथे पाडू नये. १०८ला फोन करताना "माणूस वेडा झालाय" म्हणू नये. "वय पन्नास, मधुमेह आहे, दोन तासांपासून भान नाही, ताप नाही, हातात काही नाही" असे सांगावे. ११२ लावण्याची वेळ आलीच तर पहिले वाक्य "आजारी माणूस आहे" हे असावे. त्याने येणारा शिपाई वेगळ्या मनाने येतो.

भांडीवाल्या गृहस्थांनी दुकानात गल्ल्याशेजारी एक चिठ्ठी चिकटवली आहे. आपले नाव, गोळीचे नाव, मुलाचा नंबर, १०८, आणि खाली मोठ्या अक्षरात: "मी दारू प्यायलेलो नाही, साखर द्या." तसलीच दुसरी चिठ्ठी खिशात, साखरेच्या दोन पुड्यांबरोबर. परवाच्या एकादशीला उपवास केला का, म्हणून विचारले, तर म्हणाले, "केला की! पण सकाळची गोळी तुम्हाला विचारून बंद ठेवली होती, विसरलात का?"